शुक्रवारची शाळा

उत्तरा काळभोर आणि मी घरांच्या एकाच रांगेत राहतो, मध्ये तीन दारं. आइंडहोवनच्या या भागात अशा सारख्या दिसणाऱ्या घरांच्या रांगाच रांगा आहेत. तिची अश्लेषा आणि माझी श्रुती शाळेत एकाच वर्गात आहेत, त्यामुळे गेली पाच वर्षं उत्तरा मला जवळजवळ रोज दिसते. सव्वाआठला सायकलवर पुढे ती, मागे अश्लेषा, आणि अश्लेषाला सतत मराठीतून सूचना. अश्लेषा त्यांना डचमधून उत्तरं देते.

उत्तरा मूळची चिंचवडची. प्रॉडक्शनमध्ये डिप्लोमा केलेला आणि चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी तपासणीला होती. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात कामगारांचे प्रतिनिधी होते, सलग तीनदा निवडून आलेले. पहिल्यांदा ते कॅन्टीनच्या चपात्यांवरून उभे राहिले होते, असं ती सांगते. चपात्या कच्च्या यायच्या आणि तक्रार कुणी लिहून देईना. निवडून आल्यावर तीन आठवड्यांत त्यांनी ठेकेदार बदलून घेतला. ही गोष्ट तिने लहानपणी इतक्यांदा ऐकली की माणूस उभा राहिला, लोकांनी मतं दिली, की काम होतं, अशी तिची समजूतच झाली.

नवरा राजन आर्नहेमला एका वीज कंपनीत आहे. आठवड्यातले तीन दिवस तो ट्रेनने जातो, सकाळी पावणेसातला निघून संध्याकाळी साडेसहाला परत. इथे आल्यावर उत्तराची पहिली दोन वर्षं घरात गेली. मग डच शिकून तिने नोकरी मिळवली. चिप बनवणाऱ्या यंत्रांना लागणाऱ्या धातूच्या चौकटी तिची कंपनी पुरवते आणि त्या चौकटी मायक्रॉनमध्ये बरोबर आहेत की नाहीत, ते ती मोजते. शुक्रवारी माल बाहेर जातो, म्हणून शुक्रवारची तपासणी सगळ्यांत महत्त्वाची. गेल्या वर्षी तिला टीम लीडची जागा देण्याचं बोलणं सुरू झालं होतं.

जानेवारीच्या शेवटी शाळेच्या ॲपवर पत्र आलं. एक शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर, एक बर्नआउट होऊन घरी, आणि जाहिरात देऊनही नवं माणूस मिळत नाही. त्यामुळे मेच्या सुट्टीनंतर पाचव्या ते आठव्या ग्रूपला, म्हणजे आठ ते बारा वर्षांच्या मुलांना, एकाआड एक शुक्रवारी शाळा नसेल. आधी नाताळपर्यंत प्रयोग म्हणून. त्याआधी पालकांचं मत घेतलं जाईल.

मत घेतलं म्हणजे ऑनलाइन फॉर्म भरून घेतला. तुम्ही मुलांची सोय करू शकाल का, हो किंवा नाही, आणि खाली शेरा लिहायला चौकट. उत्तराने चौकट भरून लिहिलं. आम्ही दोघंही पूर्णवेळ नोकरी करतो, इथे नातेवाईक नाहीत, शाळेनंतरच्या पाळणाघराला शुक्रवारी माणसं नाहीत, मुलगी नऊ वर्षांची आहे. दोन आठवड्यांनी निकालाचं पत्र आलं. बहुतेक पालकांनी सोय होईल असं कळवलं होतं. त्याखाली एक ओळ होती, ‘काही पालकांना नियोजन आव्हानात्मक वाटते.’

ती ओळ तिने मला शाळेच्या फाटकापाशी मोबाइलवर दाखवली. "मंजूषा, हे मी लिहिलेलं आहे," ती म्हणाली. "हे आव्हानात्मक म्हणजे मी."

मला ते जाचत होतंच, पण माझी गोष्ट वेगळी होती. माझं काम घरून चालतं. लॅपटॉप उघडून श्रुतीला टॅबलेट दिला की शुक्रवार निघतो. इतर घरांत कुणाची शुक्रवारी सुट्टीच असते, कारण इथे लहान मुलं असलेल्या बायका बहुधा चारच दिवस काम करतात. कुणाची ओमा, म्हणजे आजी, दोन गल्ल्या पलीकडे राहते. अडचण होती ती आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांची, आणि त्यातही उत्तरासारख्यांची, ज्यांचं काम घरी आणता येत नाही.

ती मुख्याध्यापिका योलांडाला भेटायला गेली. योलांडा चांगली बाई आहे. तिने कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं.

"मी शिक्षक कुठून आणू?" योलांडा म्हणाली. "तुम्हीच सांगा."

"पण हे ठरलं आहे का?"

"नाही. एमआरमधल्या पालकांची संमती लागते. त्यांनी नाही म्हटलं तर संस्थेला दुसरा मार्ग शोधावा लागेल."

एमआर म्हणजे शाळेची परिषद. पाच पालक, पाच शिक्षक. पालकांनी पालकांना निवडायचं. इथल्या प्रत्येक शाळेत ती असते आणि आमच्यापैकी कुणी तिचं नाव नीट ऐकलेलं नव्हतं. मार्चमध्ये तिची एक जागा रिकामी होणार होती आणि संमतीचं मतदान एप्रिलमध्ये. उत्तराने त्याच दिवशी अर्ज भरला.

पुढच्या आठवड्यात तिला एमआरचा अध्यक्ष बासचा फोन आला. तोही पालकच. आवाज अगदी मैत्रीचा. तो म्हणाला, "उत्तरा, तुझा उत्साह बघून आनंद झाला. फक्त एक गोष्ट तुला माहीत असावी. मार्लूसने आधीच नाव दिलं आहे. एकच उमेदवार असला तर निवडणूक घ्यावी लागत नाही. गेल्या सहा वर्षांत आम्हाला कधी घ्यावी लागलेली नाही."

"आणि दोन असले तर?"

"तर घ्यावी लागते. यादी, ईमेल, मोजणी. बरंच काम असतं."

"मग घ्या," उत्तरा म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिला वाटलं आपण उद्धट बोललो. मग वाटलं, उद्धट नाही, फक्त नाही म्हणालो. या देशात सगळे तोंडावर स्पष्ट बोलतात असं आपल्याला सांगतात, पण आपण बोललो की समोरचा गप्प होतो, ही तिची जुनी तक्रार. त्या संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन अर्धा तास हेच बोलत होती.

उमेदवाराने दीडशे शब्दांत स्वतःची ओळख लिहायची होती. तिने डचमध्ये लिहिली आणि अश्लेषाकडून तपासून घेतली. अश्लेषाने अकरा चुका काढल्या आणि म्हणाली, "ममा, आवडती डिश कुठे लिहिली आहे? सगळे लिहितात." उत्तराने आवडती डिश लिहिली नाही. तिने लिहिलं, ‘माझ्या मुलीचे आजी-आजोबा सात हजार किलोमीटरवर आहेत. ज्यांचे शुक्रवार सांभाळायला कुणी नाही, अशा पालकांच्या वतीने मी परिषदेत बसू इच्छिते. मी चार दिवसांच्या शाळेच्या विरोधात आहे.’

ॲपवर आलं ते वेगळंच. तीन ओळी, फोटो, आणि त्यात ‘उत्तराला शाळेतील विविधता आणि एकमेकांशी जोडलेपण महत्त्वाचे वाटते.’ शुक्रवारचा उल्लेख नाही. तिने शाळेला विचारलं. उत्तर आलं की दोन्ही ओळखी सारख्या लांबीच्या आणि सकारात्मक सुराच्या असाव्यात म्हणून संपादन केलं आहे, गैरसमज नसावा. मार्लूसच्या ओळखीत तिची तीन मुलं, तिचा कुत्रा आणि शाळेच्या बागेतलं तिचं काम होतं.

"जोडलेपण," उत्तरा म्हणाली. "हा शब्द मला डचमध्ये नीट उच्चारताही येत नाही."

मग तिने स्वतःच प्रचार सुरू केला. कंपनीतून दोन सकाळी उशिरा येण्याची परवानगी काढली आणि सायकल स्टँडपाशी उभी राहिली. मार्चची थंडी, वारा, हातात स्वतः छापलेले कागद. डच पालक थांबत, कागद घेत, "किती छान करते आहेस" म्हणत आणि मुलाला वर्गात सोडायला निघून जात. एक बाप मात्र पाच मिनिटं बोलला. त्याचीही अडचण तीच होती, बायको नर्स, त्याचं स्वतःचं काम पाळ्यांमध्ये. तो गेल्यावर उत्तराचा चेहरा जरा उजळला. "एक मत," ती मला म्हणाली.

खरा भरवसा तिचा आपल्या लोकांवर होता. शाळेतल्या भारतीय पालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रूप आहे, चोपन्न घरांचा. तेलुगू, गुजराती, तमिळ, आपण मराठी, ग्रूपवर सगळं हिंदीत नाहीतर इंग्रजीत. तिने तिथे हिंदीत लिहिलं. मतदान कधी, कसं, प्रत्येक पालकाला वेगळं मत, म्हणजे एका घराची दोन. अंगठ्यांचा पाऊस पडला. ‘भाभी, आप ही जीतोगे.’ आमच्या गणपती मंडळाचा सचिव उल्हास याने तर लिहिलं की ही जागा आपलीच समज.

मंडळाची निवडणूक आमच्याकडे कशी होते ते सांगायला हवं. गेल्या वर्षी खजिनदाराच्या जागेसाठी तिघे उभे होते. दीड महिना दोन गट एकमेकांशी बोलत नव्हते, मतदानाला माणसं अँटवर्पहून गाडी काढून आली होती. हे सगळं उत्तराने पाहिलं होतं. शंभरेक मतं आपली, असा तिने हिशेब केला. चुकीचा नव्हता तो.

मतदान सोमवार ते शुक्रवार दुपारी बारापर्यंत. प्रत्येकाच्या ईमेलवर एक लिंक येणार होती. ती शाळेच्या पत्त्यावरून आली नाही, मतदान चालवणाऱ्या कुठल्याशा कंपनीच्या पत्त्यावरून आली, सगळी डचमध्ये. उत्तराने सोमवारी ग्रूपवर लिहिलं, बुधवारी लिहिलं, गुरुवारी लिहिलं. गुरुवारी अंगठे कमी आले.

शुक्रवारी दुपारी चार वाजता निकाल ॲपवर आला. पाचशे साठ पालकांपैकी एकशे सदुसष्ट जणांनी मत दिलं होतं. मार्लूस अठ्ठ्याऐंशी, उत्तरा एकोणऐंशी. नऊ मतांनी जागा गेली.

मी तिला फोन केला तेव्हा ती कंपनीतच होती. "ठीक आहे," एवढंच म्हणाली. "माल निघतोय, नंतर बोलू."

त्याच रविवारी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम होता, एका शाळेच्या जिमखान्यात भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये. गुढी उभारून झाली, मुलांचे नाच झाले, मग श्रीखंड-पुरीची रांग लागली. उत्तरा जरीची साडी नेसून आली होती. ती येणार नाही असं मला वाटलं होतं.

उल्हास ताट घेऊन तिच्यापाशी आला. "अगं उत्तरा, असं झालंच कसं? नऊ मतं म्हणजे काहीच नाही."

"तू दिलंस का?" तिने विचारलं.

"म्हणजे मी देणारच होतो. लिंक उघडली, तर ते काहीतरी कोड मागत होतं. मीटिंग होती माझी."

"आणि वहिनींनी?"

"तिला ईमेलच आलं नाही बहुतेक. शाळेकडे माझाच पत्ता आहे ना."

ती तिथे थांबली नाही. रांगेतल्या पुढच्या घराला विचारलं, मग त्याच्या पुढच्या. आवाज चढलेला नव्हता, कंपनीत माप विचारावं तसं विचारत होती. कुणी म्हणालं शुक्रवार म्हणजे रात्री बारा समजलो. कुणी म्हणालं डच कळलं नाही, उगाच भलत्यालाच मत जाईल म्हणून सोडून दिलं. एकजण म्हणाला, "आपण दोन वर्षांत परत जाणार, कशाला त्यांच्या शाळेत पडायचं?" त्याची मुलगी सातव्या ग्रूपमध्ये आहे आणि तो इथे आठ वर्षं आहे.

मग तिने मला विचारलं. "तू तर दिलंस ना, मंजूषा?"

मी हो म्हणाले. खरं असं की ईमेल माझ्या स्पॅममध्ये होतं. ते मला शनिवारी सकाळी सापडलं, निकालाच्या दुसऱ्या दिवशी. ती तीन दिवस ग्रूपवर लिहीत होती आणि मी तीनही वेळा अंगठा दिला होता. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

राजन तेव्हा वाढपात होता, हातात पुऱ्यांची परात. तो आमच्यापाशी येऊन उभा राहिला.

"उत्तरा," तो म्हणाला, "माझंही राहिलं."

ती त्याच्याकडे वळली.

"शुक्रवारी ट्रेनमध्ये करणार होतो. त्या दिवशी दहाला निघालो, नायमेखनला गाडी अडकली, नेट नव्हतं. ऑफिसला पोचलो तोवर साडेबारा वाजले."

"सोमवारपासून होतं, राजन."

"हो. मला वाटलं शुक्रवारी निवांत करू."

मला वाटलं ती आता उठून जाईल. ती गेली नाही. ताट घेऊन भिंतीकडेच्या बाकावर बसली आणि जेवली. जेवण संपवून म्हणाली, "आणि मी इथे लोकांना विचारत फिरते आहे." मग हात धुवायला गेली. परतताना ती सायकलवर पुढे होती आणि राजन अश्लेषाला घेऊन बराच मागे.

तो आठवडा त्यांच्या घरी कसा गेला ते मला थोडंफार माहीत आहे. भांडण नाही झालं. राजनने दोनदा माफी मागितली, तिसऱ्यांदा तो चिडला. "माझ्या एका मताने काय झालं असतं? आठने हरली असतीस," असं म्हणाला. ते खरं होतं आणि म्हणूनच तिला जास्त लागलं. तिच्या वडिलांना चिंचवडला तिने फोनवर इतकंच सांगितलं की थोडक्यात गेली. त्यांनी विचारलं, गेटवर सभा घेतली होतीस का? इथे गेटवर सभा होत नाही हे तिने त्यांना समजावून सांगितलं नाही.

एमआरची बैठक कुणालाही ऐकता येते. एप्रिलमधल्या बैठकीला ती गेली. मी पण गेले, आता का ते सांगायला नको. शिक्षकांच्या खोलीत लांब टेबल, त्याभोवती दहा जण, आणि भिंतीशी कॉफी मशीनजवळ आमच्या दोन खुर्च्या. बासने आमचं स्वागत केलं आणि सांगितलं की श्रोत्यांना शेवटी, इतर विषयांच्या वेळी बोलता येईल. शुक्रवारचा विषय चौथा होता.

योलांडाने मांडणी केली. मार्लूसने एक प्रश्न विचारला, चांगला प्रश्न होता. "ज्या पालकांची सोयच होत नाही, त्यांचं काय?"

"आम्ही प्रत्येकाशी वेगळं बोलू," योलांडा म्हणाली.

उत्तराने हात वर केला. बासने तिच्याकडे बघून हसून मान हलवली, नंतर, अशा अर्थाने. तिने हात थोडा वेळ तसाच ठेवला, मग खाली घेतला. पालकांचं मतदान झालं. चार बाजूने, मार्लूस तटस्थ. संमती मिळाली. सव्वा तासाने, बागेच्या कुंपणाचा आणि वर्षअखेरच्या सहलीचा विषय झाल्यावर, बास म्हणाला, "उत्तरा, तुला काही बोलायचं होतं."

"आता कशावर बोलू?" ती म्हणाली.

कुणीतरी हसलं, तिने विनोद केला असं समजून.

बाहेर सायकलचं कुलूप काढताना मार्लूस तिच्यामागे आली. उंच, मोकळी बाई, जाकिटाला कुत्र्याचे केस लागलेले.

"तू सायकल स्टँडपाशी जे सांगत होतीस ते मला पटलं होतं," ती म्हणाली.

"मग विरोधात का नाही गेलीस?"

"माझी पहिलीच बैठक आहे. पहिल्याच बैठकीत एकटीने विरोध करणं बरं दिसत नाही. पण मी बाजूनेही मत दिलं नाही, हे बघितलंस ना?"

उत्तराने तिच्याकडे पाहिलं. तिला खूप काही बोलायचं होतं हे मला दिसत होतं आणि ते डचमध्ये एकापुढे एक लागत नव्हतं हेही दिसत होतं. शेवटी ती म्हणाली, "बघितलं," आणि सायकलवर बसली. घरापर्यंत ती मराठीत बोलत होती, मोठ्याने, वाऱ्यात. त्यातलं निम्मं मला ऐकू आलं नाही.

योलांडाने म्हटल्याप्रमाणे वेगळं बोलणं झालं. एक फॉर्म होता, त्यासोबत दोघांच्या कंपन्यांची पत्रं लागत होती. उत्तराने पत्रं दिली. उत्तर आलं की शाळेत बसवून ठेवायला जागा आठ मुलांसाठी आहे आणि आरोग्य, पोलीस या सेवांमधल्या पालकांना प्राधान्य आहे. अश्लेषा प्रतीक्षा यादीत अकरावी. राजनने एक-दोन शुक्रवार घरून काम करून बघितलं, पण शुक्रवारी त्याच्या टीमची आर्नहेमला बैठक असते. माझ्याकडे पाठव, असं मी दोनदा म्हणाले. दोनदा पाठवली तिने. तिसऱ्यांदा नको म्हणाली, "तुझंही काम असतं." मला कळत होतं की तिला कुणाचे उपकार नको होते, निदान त्या ग्रूपमधल्या कुणाचेच.

जूनमध्ये तिने आठवड्याचे चाळीस तास कमी करून छत्तीस केले. एकाआड एक शुक्रवारी सुट्टी. तिचा वरिष्ठ समजूतदार होता, लगेच सही केली. टीम लीडच्या जागेबद्दल मात्र म्हणाला की शुक्रवारी ज्याला थांबता येत नाही त्याला ती देणं अवघड आहे, हे तुलाही पटत असेल. तिला पटत होतं. ती जागा तिच्या हाताखाली शिकलेल्या एका पोलिश मुलीला मिळाली. तिला मापं कशी लिहायची हे उत्तरानेच दाखवलं होतं.

मधल्या काळात ती एमआरच्या प्रत्येक बैठकीला जात राहिली. कॉफी मशीनजवळच्या त्याच खुर्चीत. सप्टेंबरच्या बैठकीत तिने शेवटी विचारलं की शिक्षक शोधायला संस्थेने नेमकं काय केलं, जाहिराती कुठे दिल्या, किती अर्ज आले. कुणाला माहीत नव्हतं. पुढच्या बैठकीला कागद आणतो, असं बास म्हणाला. कागदावरून कळलं की जाहिरात मेनंतर दिलीच नव्हती. मग ती पुन्हा दिली गेली.

शरद ऋतूच्या सुट्टीनंतर शाळेला शिक्षक मिळाला, तिलबर्गहून येणारा, पन्नाशीचा. ॲपवर पत्र आलं. सगळे शुक्रवार पुन्हा नेहमीसारखे, आणि या काळात ‘सोबत विचार केल्याबद्दल’ पालकांचे आभार. व्हॉट्सॲप ग्रूपवर नाचणाऱ्या बाहुल्या आल्या. उल्हासने लिहिलं, ‘शेवटी मिळालंच.’ उत्तराचं नाव कुणी घेतलं नाही. मी लिहावं असं मनात आलं, पण मी कोणत्या तोंडाने लिहिणार होते?

तिने कंपनीत तास परत वाढवून मागितले. या वर्षाचं नियोजन झालं आहे, जानेवारीत बघू, असं उत्तर आलं. म्हणजे आता अश्लेषा शुक्रवारी शाळेत आणि उत्तरा शुक्रवारी घरी.

त्या पहिल्या शुक्रवारी मुलींना सोडून आम्ही बरोबरच परतलो. टीमची बैठक रद्द झाल्यामुळे राजन त्या दिवशी घरून काम करत होता. दारात येऊन तो म्हणाला, "चला, तुला आता एक दिवस मोकळा मिळाला. आराम कर."

तिने त्याच्या हातात घराची किल्ली दिली आणि सायकल पुन्हा वळवली. "कुठे चाललीस?" असं त्याने विचारलं, पण ती तोवर गल्लीच्या टोकाला पोचली होती. कालव्याच्या कडेने ती बेस्ट नावाच्या शेजारच्या गावापर्यंत गेली आणि परत आली, हातमोजे न घालता. दुपारी मी तिच्याकडे गेले तेव्हा ती नळाखाली कोमट पाण्यात बोटं धरून उभी होती.

"पुढच्या मार्चमध्ये आणखी एक जागा निघते आहे," मी म्हणाले. "बासने मला विचारलं, तुला सांग म्हणाला. या वेळी दुसरं कुणी उभं नाही. निवडणूक घ्यावीच लागणार नाही."

"म्हणजे कुणाला मत द्यायचं नाही," उत्तरा म्हणाली.

"नाही."

तिने नळ बंद केला, हात पुसले आणि चहाचं आधण ठेवलं. हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मी त्यानंतर दोनदा विचारलं आहे.